गर्भिणीस बालरोगतज्ज्ञ निवडताना करावयाचे साहाय्य

गर्भिणीपरिचर्या हा आपल्या नित्य व्यवसायाचा भाग आहे. मासानुमासिक आहार-विहार, पथ्यापथ्य, नवव्या मासातील बस्ती-पिचू, प्रसूतीनंतरची सूतिकापरिचर्या हे सर्व आपण रुग्णेस आवर्जून समजावून सांगतो. परंतु जन्मलेले बालक कोणाच्या देखरेखीखाली ठेवावयाचे, हा प्रश्न बहुधा प्रसूती होईपर्यंत कोणी विचारत नाही, आणि आपणही तो काढत नाही. मग एखाद्या रात्री बालक दूध ओढेनासे होते आणि घाईघाईने जो दवाखाना उघडा दिसेल तो गाठला जातो. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात हा प्रकार विशेषत्वाने आढळतो. येथील बहुसंख्य तरुण कुटुंबे परगावाहून आलेली असतात. घरात वडीलधारे माणूस नसते, शेजार नवा असतो, आणि विचारण्यासारखी जागा म्हणजे जवळचा वैद्य व कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान. म्हणूनच हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मराठवाड्यातून आलेली एक गर्भिणी नियमित येत असे. पती महाळुंग्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. आठव्या महिन्यात तिने सहज विचारले, “डॉक्टर, बाळाला पुढे कुणाला दाखवायचं?” आम्ही औषधाच्या चिठ्ठीच्या मागील बाजूस एक नाव लिहून दिले. त्या नावामागे आमचा अभ्यास काय होता? ते गृहस्थ परिचयाचे होते, अधूनमधून आमच्याकडे रुग्ण पाठवीत, आणि लोकांत त्यांचे नाव चांगले होते. त्यांचा दवाखाना आम्ही एकदाही आतून पाहिलेला नव्हता.

प्रसूती जवळच्याच लहान प्रसूतिगृहात झाली. मातेचा रक्तगट ‘ओ’ होता. दुसऱ्याच दिवशी बालकासह तिला घरी सोडण्यात आले. रविवारी सकाळी बालकाचे तळपाय पिवळे दिसू लागले व ते दूध ओढेना. चिठ्ठीवरील दवाखाना रविवारी बंद, दूरध्वनी लागेना. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर होते, पण प्रकाशोपचाराची सोय नव्हती. तिसरीकडे ‘मोठ्या रुग्णालयात न्या’ एवढेच सांगण्यात आले. पुणे-नाशिक रस्त्यावरील कोंडीतून ते कुटुंब पिंपरीस पोहोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तीव्र प्रकाशोपचाराने बालक वाचले, रक्त बदलण्याची वेळ आली नाही, व पुढे त्याची श्रवणचाचणीही निर्दोष आली. तथापि कामलेत बिलिरुबिन फार वाढल्यास मेंदू व श्रवणशक्तीवर कायमचा आघात होऊ शकतो, हे आपण सर्व जाणतो. गेलेल्या आठ तासांपैकी निदान सहा तास आमच्या त्या चिठ्ठीमुळे गेले, असे आम्ही आजही मानतो. रविवारी दवाखाना बंद असतो व तेथे प्रकाशोपचार नाही, या दोन गोष्टी कळण्यास एक दूरध्वनी पुरेसा होता.

त्या दिवसापासून आम्ही नुसते नाव लिहून देणे सोडले. त्याऐवजी काय देतो, ते पुढे सविस्तर लिहीत आहोत.

पहिला महिना का महत्त्वाचा

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू १६ होते, व त्यांपैकी ११ पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील होते. म्हणजे पहिल्या वर्षातील धोक्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग पहिल्या महिन्यातच एकवटलेला आहे. जन्मतः शंभरांपैकी साधारण पाच ते दहा बालकांना श्वास सुरू होण्यासाठी काही ना काही साहाय्य लागते, आणि ते पहिल्या मिनिटातच मिळावे लागते. अशा वेळी निवड करण्यास अवधी नसतो. ती आधीच झालेली असावी लागते.

याच राज्याने जगाला या बाबतीत एक धडा दिलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन नवजातमृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी करता येतात हे दाखविले. ते संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, व पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच धर्तीवर उभा राहिला. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी त्यात अपेक्षित आहेत. गडचिरोलीत जे साधले ते धोक्याची लक्षणे ओळखणारे माणूस वेळेवर दारी आल्याने साधले. आपल्या पट्ट्यात रुग्णालये पुष्कळ आहेत. उणीव आहे ती कोणते कशासाठी योग्य, ही माहिती वेळेवर हाती असण्याची.

शास्त्राची दृष्टी

आपल्या आचार्यांनी या विषयात पूर्वतयारीला मोठे स्थान दिले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागार नवव्या महिन्यापूर्वीच सिद्ध करावे असा निर्देश आहे. त्याच अध्यायात कुमारागाराचे वर्णन आहे, आणि धात्रीची निवड कोणत्या गुणांवरून करावी, तिचे स्तन्य कसे पारखावे, याचे तपशीलवार निकष आहेत. धात्री ‘कोणी तरी चांगली’ असावी एवढ्यावर ग्रंथकार थांबलेले नाहीत. पारखण्यायोग्य लक्षणे त्यांनी दिली आहेत.

सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायातील चिकित्सेचे चार पाद तर आपणास मुखोद्गत आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे ते चार पाद, व प्रत्येकाचे चार गुण. आधुनिक काळात रुग्णसेवेची गुणवत्ता मोजण्याविषयी अव्हेदिस दोनाबेदियन या अभ्यासकाने १९६६ साली साधनसामग्री, कार्यपद्धती व फलित अशी त्रिविध मांडणी केली, व ती आजही प्रमाण मानली जाते. दोन्ही विचारांचे सार असे की, वैद्याचे नाव मोठे आहे एवढ्याने सेवेचा दर्जा ठरत नाही. कोण करतो, कशाने करतो, कोणाच्या हातून करवितो, व रुग्णापर्यंत ते पोहोचते का, हे चारही पाहावे लागते. गर्भिणीला माहिती देताना आम्ही हीच चौकट वापरतो.

पहिला पाद : भिषक्

प्रथम पदवी. एम.डी. अथवा डी.एन.बी. बालरोग, किंवा बालआरोग्याची पदविका डी.सी.एच., हे बालरोगतज्ज्ञाचे शिक्षण होय. नवजातशिशुशास्त्रातील डी.एम. हे त्यापुढील विशेष शिक्षण. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांची नोंदणी असते, पदव्युत्तर पदवीचीही तेथे नोंद करावी लागते, व नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. फलकावर नोंदणी क्रमांक आहे का, एवढे पाहण्यास कोणत्याही गर्भिणीस संकोच वाटू नये.

आपल्या शाखेतील कौमारभृत्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्यांचे स्थान निश्चितच मोठे आहे. परंतु नवजात अवस्थेतील श्वासावरोध, जंतुसंसर्ग, झटके यांकरिता अतिदक्षता विभागाशी जोडलेला बालरोगतज्ज्ञ आवश्यक आहे, हे रुग्णेस स्पष्ट सांगणे आपले कर्तव्य होय.

पदवीनंतर तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. प्रसूतीच्या वेळी बालरोगतज्ज्ञ प्रत्यक्ष हजर असतात, की गरज पडल्यास बोलावले जातात? बोलावल्यास पोहोचण्यास किती वेळ लागतो? ते गावाला गेले असता अथवा सुट्टीच्या दिवशी त्यांच्या जागी कोण असते? या भागातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, तर बहुतेक दवाखान्यांची रविवारी असते. कामगार पित्याने गुरुवारी उघडा पाहिलेला दवाखाना रविवारी बंद असतो, ही साधी गोष्टही कोणी सांगत नाही.

दुसरा पाद : द्रव्य

गर्भिणीने यंत्रांची नावे पाठ करण्याची आवश्यकता नाही. प्रसूतिकक्षात बालकाला उष्णता देणारा वॉर्मर व श्वास देण्याची पिशवी-मास्क आहे का, कामलेसाठी प्रकाशोपचार येथेच होतो का, रक्तातील प्राणवायू मोजण्याचे साधन आहे का, एवढे विचारावे. पुढील प्रश्न असा की, अपुऱ्या दिवसांचे अथवा कमी वजनाचे बालक झाल्यास ते येथे ठेवता येईल, की अन्यत्र न्यावे लागेल? अन्यत्र म्हणजे नेमके कोठे? शासकीय व्यवस्थेत प्रत्येक प्रसूतिस्थानी नवजात कोपरा, त्यावरच्या स्तरावर नवजात स्थिरीकरण कक्ष, व गंभीर बालकांसाठी विशेष नवजात काळजी कक्ष अशी श्रेणी आहे. खासगी क्षेत्रात नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम ही संस्था नवजात अतिदक्षता विभागांना स्तरानुसार मान्यता देते. ‘आमच्याकडे सर्व सोयी आहेत’ या उत्तरापेक्षा ‘बत्तीस आठवड्यांखालील बालक आम्ही अमुक रुग्णालयात पाठवितो’ हे उत्तर देणारे ठिकाण अधिक विश्वासार्ह समजावे.

दर्जाची बाह्य तपासणी झालेली आहे का, हेही विचारण्याजोगे आहे. शासकीय रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत. प्रसूतिकक्षासाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ व बालकांच्या सेवेसाठी २०२१ पासून ‘मुस्कान’ हे कार्यक्रम सुरू झाले. खासगी रुग्णालयांसाठी एन.ए.बी.एच. हे मानांकन आहे, आणि प्रसूतितज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेचे ‘मान्यता’ प्रमाणपत्र सोळा वैद्यकीय मानकांवर आधारित आहे. प्रमाणपत्र नसलेले ठिकाण वाईटच असे नव्हे. मात्र प्रमाणपत्र असल्यास कोणीतरी तिऱ्हाइताने आत जाऊन पाहिलेले आहे, एवढी खात्री मिळते. संगणकावरील तारांकित अभिप्रायांत तेवढीही नसते. त्यांवरून प्रतीक्षेचा वेळ व वागणुकीची कल्पना येईल, परंतु बालकाचा श्वास मंदावल्यावर तेथे काय होते हे कळणार नाही.

तिसरा पाद : उपस्थाता

नवजात बालकाची प्रत्यक्ष काळजी परिचारिका घेते. रात्रपाळीस किती परिचारिका असतात, त्यांनी नवजात पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण घेतले आहे का, जन्मानंतर पहिल्या तासात बालक छातीशी दिले जाते का, स्तनपान जमत नसल्यास कोणी शेजारी बसून मदत करते का, हे प्रश्न येथे येतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याच ठिकाणी प्रसूत झालेल्या दोन-तीन मातांकडून उत्तम मिळते. “पहिल्या रात्री बाळाला वरचं दूध दिलं का? का दिलं, ते सांगितलं का?” एवढे विचारले तरी पुष्कळ समजते.

घरी सोडण्यापूर्वी काय केले जाते, हा उपस्थात्याच्या दक्षतेचाच भाग आहे. जीवनसत्त्व ‘के’ची सुई, बी.सी.जी., पोलिओचा शून्य डोस व चोवीस तासांच्या आत कावीळ ‘ब’ची लस, श्रवणचाचणी, थायरॉइडची रक्तचाचणी, आणि घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासणीची लिखित तारीख. अपुऱ्या दिवसांच्या अथवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकाची दृष्टिपटल तपासणी वेळेवर होणे अत्यावश्यक आहे. ती चुकल्यास येणारे अंधत्व टाळता आले असते, ही खंत आयुष्यभर राहते.

चौथा पाद : रोगी, म्हणजे येथे माता

रोग्याच्या चार गुणांत स्मरण, सूचनांचे पालन, निर्भयता व आपला त्रास नेमका सांगण्याची क्षमता यांचा समावेश आहे. बालक बोलू शकत नाही. ही कामे मातेला करावी लागतात. म्हणून ज्याच्यापुढे ती न घाबरता बोलू शकेल, असाच बालरोगतज्ज्ञ तिच्यासाठी योग्य. घरात बाळगुटी दिली जाते, काजळ घातले जाते, सासूबाईंनी मध चाटविला, हे ती डॉक्टरांपासून लपविते, कारण ओरडा बसेल अशी भीती असते. प्रसूतीपूर्वी एकदा भेटून “आमच्याकडे गुटी देतात, त्याबद्दल काय करावं?” असे विचारून पाहावे. उत्तरातील शब्दांइतकाच त्याचा सूरही निवडीस उपयोगी पडतो.

प्रसूतीपूर्वी बालरोगतज्ज्ञास भेटण्याची ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत अशी भेट घेण्याची शिफारस करते, व २०१८ साली तिने ती पुन्हा मांडली. आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिला जोडून सातव्या-आठव्या महिन्यात ही भेट सहज घेता येते.

अंतर व खर्च यांचा विचार याच पादात येतो. निघोजे, कुरुळी, खराबवाडी येथे राहणाऱ्या कुटुंबाने पाळी सुटण्याच्या वेळी पिंपरीस पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे एकदा स्वतः जाऊन पाहावे. नकाशावरील किलोमीटरवर विसंबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, व तीवर आपलेच अनेक वैद्यबंधू काम करतात. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराच्या कुटुंबास चिंचवडच्या मोहननगर येथील रुग्णालयाचा लाभ घेता येतो. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये करण्यात आली, त्यामुळे अनेक कंत्राटी कामगार तिच्या कक्षेत आले. पण आपल्या पत्नीचे नाव विमापत्रावर नोंदलेच नाही, असे प्रसूतीच्या दिवशी लक्षात आलेले कामगार आम्ही पाहिले आहेत. महानगरपालिकेचे संत तुकारामनगर येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हा या पट्ट्यातील मोठा आधार आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयात आजारी अर्भकाचे उपचार विनामूल्य आहेत. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावावी, असे शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेने बंधनकारक केले आहे. अतिदक्षता विभागाचा एका दिवसाचा खर्च आठव्या महिन्यात विचारणे हे कंजूषपणाचे लक्षण नव्हे. तो न विचारल्यामुळे चौथ्या दिवशी बालक अर्धवट उपचारात घरी नेण्याची वेळ येते.

माहेर व सासर

आपल्या समाजात पहिली प्रसूती माहेरी होते. त्यामुळे या पट्ट्यातील गर्भिणीस एक नव्हे, दोन निवडी कराव्या लागतात. प्रसूती परभणी, लातूर, जळगाव वा बुलढाणा जिल्ह्यातील गावी होते, आणि दीड-दोन महिन्यांनी बालक चाकणला येते. माहेरचे डॉक्टर येथे नसतात व येथील डॉक्टरांना मागचे काहीच ठाऊक नसते. अशा वेळी माता व बाल संरक्षण कार्ड, रुग्णालयाचा सुटीचा कागद, जन्मवजन, जन्मल्यावर बालक रडले का, कावीळ झाली होती का, कोणत्या लसी दिल्या, या नोंदी एका पिशवीत ठेवून आणण्यास सांगावे. माहेरी जाण्यापूर्वी आम्ही गर्भिणीस दोन कोरे कागद देतो. एकावर माहेरच्या भागातील उत्तरे तिच्या भावाने वा वडिलांनी लिहून आणावयाची, दुसऱ्यावर येथील. हा उपाय साधा आहे, परंतु त्यामुळे माहेरची मंडळी प्रथमच जवळच्या रुग्णालयात जाऊन “रात्री बाळासाठी डॉक्टर असतात का?” असे विचारतात.

औषधविक्रेत्यांचे स्थान

दर्जाविषयीची सर्वांत प्रत्यक्ष माहिती औषधविक्रेत्यापाशी असते, कारण परिसरातील प्रत्येक बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी त्याच्या हातून जाते. कोणाच्याही विरोधात बोलणे त्याने कटाक्षाने टाळावे, ते अनुचित आहे. परंतु चांगली चिठ्ठी कशी असते हे मातेला दाखविणे योग्यच होय. तीवर बालकाचे वजन लिहिलेले असते. औषधाची तीव्रता, मात्रा मिलिलिटरमध्ये, किती वेळा व किती दिवस हे स्पष्ट असते. पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम तीव्रतेचे मिळतात, तर पातळ औषध पाच मिलिलिटरला १२० अथवा २५० मिलिग्रॅमचे. केवळ ‘एक चमचा’ असे लिहिल्यास व बाटली बदलल्यास मात्रा कित्येक पटींनी चुकू शकते. कोणती लक्षणे दिसल्यास लगेच परत यावे, हे लिहिणारा वैद्य विशेष आदरास पात्र आहे. प्रत्येक साध्या सर्दीस प्रतिजैविक लिहिले जात असेल, तर मातेने “याची गरज आहे का?” असे नम्रपणे विचारावे. उत्तर देण्याची तयारी हीसुद्धा गुणवत्तेचीच खूण आहे.

खोकल्याच्या औषधांबाबत अधिक जागरूकता हवी. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे दूषित औषध घेतल्याने लहान बालके मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यांतील काहींवर आपल्या नागपुरात उपचार झाले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील बालकांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. चिठ्ठीशिवाय तान्ह्या बालकासाठी असे औषध मागण्यास आलेल्या पित्याला रिकाम्या हाताने परत पाठवून बालरोगतज्ज्ञाकडे जाण्यास सांगणारे दुकान त्या कुटुंबाचे खरे हित करते.

दुसरी बाब शिशुआहाराची. १९९२ चा व २००३ साली सुधारलेला कायदा मातृदुग्धाच्या पर्यायांची व दुधाच्या बाटल्यांची जाहिरात, भेटवस्तू, नमुने व विक्रीवाढीची प्रलोभने यांस मनाई करतो. दुकानाच्या दर्शनी भागातील डब्यांची आरास व दवाखान्याच्या भिंतीवरील पावडरीचे कॅलेंडर या दोन्हींकडे त्या दृष्टीने पाहावे. ज्या दवाखान्यात असे कॅलेंडर नाही, तो निवडीच्या तराजूत थोडा जड ठरावा.

आपण स्वतः

इतरांचे निकष सांगताना आपण स्वतःस वगळणे उचित नाही. रुग्ण पाठविण्याच्या बदल्यात काही घेणे वा देणे हे वैद्यकीय आचारसंहितेस सर्वथा अमान्य आहे. परंतु पैशाचा व्यवहार नसतानाही स्नेह, परतफेड, दिवाळीची मिठाई यांमुळे आपली शिफारस झुकते. आमची ती चिठ्ठी अशीच झुकलेली होती. म्हणून शक्यतो एकच नाव न देता निदान दोन-तीन ठिकाणे सांगावीत, व प्रत्येकाविषयी आपण स्वतः काय पाहिले आहे तेवढेच सांगावे. “तिथला प्रकाशोपचार मी पाहिला आहे, रात्रीचं मला माहीत नाही,” असे म्हणण्यात कमीपणा नाही.

सुवर्णप्राशन आपल्यापैकी अनेक जण पुष्य नक्षत्रावर करतात. ते लसीकरणाचा पर्याय नव्हे, हे प्रत्येक मातेस तोंडाने व लेखी सांगावे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, व एका वर्षाच्या आत मध न देणे, या सूचनेला आधुनिक जंतुशास्त्राचा भक्कम आधार आहे, कारण मधातील बोट्युलिझमचे बीजाणू अर्भकाच्या आतड्यात विष निर्माण करू शकतात. जातकर्मातील मध-घृताविषयी रुग्णेने विचारल्यास आम्ही हे स्पष्ट सांगतो. आपण व बालरोगतज्ज्ञ यांची सांगणी परस्परविरुद्ध राहिली, तर माता दोघांपासूनही काही ना काही लपवू लागते, आणि त्याची झळ बालकास बसते.

हाती द्यावयाचा कागद

आम्ही सातव्या महिन्यात गर्भिणीस पुढील आठ प्रश्न मोठ्या अक्षरांत छापून देतो व पतीसह उत्तरे लिहून आणण्यास सांगतो.

१. प्रसूतीच्या वेळी बाळासाठी डॉक्टर हजर असतील का? नसल्यास किती मिनिटांत येतील?
२. रात्री, रविवारी व सणाच्या दिवशी कोण असते? दूरध्वनी कोणता?
३. कावीळ झाल्यास प्रकाशोपचार येथेच होतो का?
४. बाळ लहान अथवा आजारी असल्यास कोठे पाठविता? तेथवर कशाने नेता?
५. पहिल्या तासात बाळ छातीशी देता का? दूध पाजण्यास कोण मदत करते?
६. घरी सोडण्यापूर्वी कोणत्या लसी व चाचण्या होतात? पुन्हा कधी दाखवायचे?
७. अतिदक्षता विभागाचा दिवसाचा खर्च किती? आमचा विमा वा शासकीय योजना चालते का?
८. महानगरपालिकेच्या अथवा शासकीय केंद्रावर मोफत मिळणाऱ्या लसी कोणत्या, हे सांगाल का?

कागदाच्या मागील बाजूस धोक्याची लक्षणे असतात. बाळ दूध ओढत नाही, झटके येतात, श्वास मिनिटाला साठ वा अधिक, छाती आत ओढली जाते, अंग गरम अथवा थंडगार, हालचाल मंद, पहिल्या चोवीस तासांत कावीळ अथवा तळहात-तळपाय पिवळे. यांपैकी एकही दिसल्यास काढा नको, गुटी नको, दुकानातील औषध नको, थेट ठरविलेल्या रुग्णालयात जावे. हाच मजकूर औषधविक्रेत्यांनी गल्ल्यापाशी लावावा, अशी आमची विनंती आहे.

सर्वच उत्तरे समाधानकारक मिळतील असे नाही. चाकणच्या एखाद्या वाडीतील कुटुंबास कदाचित एकच पर्याय परवडणारा असेल. तरीही हा कागद वाया जात नाही. तेथे काय नाही हे आधीच कळल्यामुळे, ते लागल्यास कोठे जावयाचे हे ठरलेले असते. गेल्या वर्षी असाच कागद घेऊन एक तरुण रात्री दोन वाजता आमच्या दारी आला. बाळाचा श्वास जलद चालला होता. आम्ही कागद पाहिला. चौथ्या प्रश्नासमोर त्याने रुग्णालयाचे नाव व रुग्णवाहिकेचा क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिलेला होता. “मग इथे कशाला आलास?” असे विचारता तो म्हणाला, “डॉक्टर, फोन लावलाय, गाडी येतेय. तोवर बाळाला कसं धरायचं तेवढं सांगा.” बालक आईच्या छातीशी उघड्या त्वचेस लावून, वरून शाल पांघरून, आम्ही त्यांना गाडीत बसविले. चाळीस मिनिटांत ते अतिदक्षता विभागात होते.

वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी आपापल्या भागातील प्रसूतिगृहांना या आठ प्रश्नांसह एकदा भेट द्यावी व उत्तरे आपल्या वहीत टिपून ठेवावीत. वर्षातून एकदा ती ताजी करावीत. पुढील गर्भिणी जेव्हा विचारील, तेव्हा चिठ्ठीच्या मागे लिहिण्यासाठी आपल्यापाशी नावापेक्षा अधिक काही असेल.